पटावरचं नाव

कमल मंगळवारी गेली. तेरावा रविवारी झाला. सोमवारी अण्णा शाळेत गेले, मीही गेले. अण्णांनी वर्गात हजेरी घेतली. सतरा नंबर पुकारला, मग एकोणीस नंबर पुकारला. एकोणीस नंबर माझा होता. मी हजर म्हटलं.

अठरा नंबर कमलचा. ती माझ्याहून दीड वर्षानं मोठी. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन तिचं हृदय अधू झालं होतं, त्यात तिचं एक वर्ष गेलं आणि आम्ही दोघी एका वर्गात आलो. आमचे वडील आमचे वर्गशिक्षक होते आणि इंग्रजी शिकवायचे. शाळेत त्यांना सर म्हणायचं, घरी अण्णा, असा घरचा नियम होता. कमल तो उलटा करायची. भाकरी वाढून झाली की म्हणायची, "सर, चटणी हजर आहे." अण्णा ताटातून मान वर न करता म्हणायचे, "बसा खाली." वर्गात मात्र ती शहाण्यासारखी वागायची. आम्ही एका बाकावर बसायचो, त्यामुळे तिचं 'हजर सर' माझ्या डाव्या कानाशी यायचं आणि पाठोपाठ माझं. नंबर ऐकायची मला सवयच नव्हती. तिचा आवाज संपला की माझा सुरू व्हायचा. ती गेल्यावर कितीतरी दिवस सतरा नंबरनंतर माझा डावा कान गरम व्हायचा. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. सांगून कळण्यासारखंही नव्हतं.

आम्ही शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. मागच्या भिंतीला लागून पद्माक्कांचं घर. त्यांच्या घरात चार माग होते, आणि त्या भिंतीला आमचं स्वयंपाकघर. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की जरा वेळानं भिंतीपलीकडे माग सुरू व्हायचे, आणि आई भाकऱ्या थापायला बसायची. तिचा हात मागाच्या ठेक्यावर पडायचा. तिला ते ठाऊक नव्हतं. कमलनं मला दाखवलं होतं. माग थांबला, धागा तुटला, की आईचा हातही क्षणभर परातीवर थांबायचा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो आणि आई विचारायची, काय झालं गं दात काढायला. कमल गेली त्या दिवशी पद्माक्कांनी चारही माग बंद ठेवले. तीन दिवस ठेवले. त्यांचं पोट त्या मागांवर होतं आणि आमचं त्यांचं काही नातं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी खटखट सुरू झाली तेव्हा आई पहिल्यांदा मोठ्यानं रडली. तोवर ती घरात येणाऱ्या बायकांना पाणी देत होती.

अण्णा मूळ करकंबचे. घराण्यात शिकलेले पहिले. इंग्रजी ते उशिरा आणि एकट्यानं शिकले होते, मलपृष्ठ गेलेल्या एका व्याकरणाच्या पुस्तकावरून. म्हणून की काय, पाठांतरावर त्यांचा विश्वास नव्हता. ते सांगायचे की मोठे शब्द डिक्शनरीत सापडतात, बारके शब्द हातात धरून बघावे लागतात. आठवड्याला बारक्या शब्दांची एक जोडी ते घ्यायचे. आधी घरी आमच्यावर करून बघायचे, मग वर्गात. स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायचे आणि आठवडाभर घरात जे काही घडेल त्याला ती जोडी लावून बघायची.

कमल असतानाची शेवटची जोडी 'टेक ऑफ' होती. त्या दिवशी अण्णा शाळेतून आले, उंबऱ्यात थांबले, डोक्यावरची काळी टोपी काढली आणि म्हणाले, "आय टेक ऑफ माय कॅप." मग चपला काढल्या, चष्मा काढला, प्रत्येक वेळी तेच वाक्य, फक्त शेवटचा शब्द निराळा. कमलनं दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. आई म्हणाली, झाकण ठेव, माशी पडंल. मग अण्णांनी शेंगांची बरणी पुढे ओढली आणि आम्हाला समजावून सांगितलं. जे वर आहे, अंगावर आहे, चिकटलेलं आहे, ते काढायचं तर 'ऑफ'. बरणीच्या आतल्या शेंगा काढायच्या तर 'आउट'. आणि उचलून नजरेआड न्यायचं तर 'अवे'. मराठीत आपण तिन्हीला काढणं म्हणतो आणि आपलं काही अडत नाही. इंग्रजाला मात्र आधी सांगावं लागतं, वस्तू होती कुठं आणि चालली कुठं. शिवाय वस्तूचं नाव घेतलं तर ते मधे किंवा शेवटी कुठंही चालेल, पण नावाऐवजी 'इट' किंवा 'हर' आलं की त्याला दोघांच्या मधेच बसवायचं. 'टेक ऑफ इट' म्हटलंस तर इंग्रज भरल्या ताटावरून उठून जाईल, असं ते म्हणाले. कमलला हे फार आवडलं. ती संध्याकाळभर मला छळत होती. नले, तुझी वेणी, टेक इट ऑफ. नले, तुझं नाक, टेक इट ऑफ.

दुसऱ्या दिवशी ती अंथरुणावर उशीला टेकून बसली होती. हिवाळ्यात तिला दम लागायचा म्हणून आडवं झोपवत नसत. अण्णा तिच्या पायाशी वह्या तपासत होते. तिनं विचारलं, "अण्णा, छातीतलं दुखणं काढायचं तर काय म्हणायचं? ऑफ का आउट?"

अण्णांनी लाल पेन खाली ठेवलं. एवढा विचार करताना मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल. शेवटी म्हणाले, "अवे. दुखणं, म्हणजे पेन, असेल तर टेक अवे म्हणतात."

"म्हणजे लांब न्यायचं."

"व्हय. लांब." घरात ते व्हय म्हणायचे नाहीत. ते करकंबला गेल्यावर म्हणायचे.

त्या जोडीचे आणखी अर्थ राहिले होते. विमानाचं उडणं राहिलं होतं, सुट्टी घेणं राहिलं होतं, यादीवरून नाव काढणं राहिलं होतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी कमल गेली. पहाटे आई तिला उठवायला गेली तेव्हा ती उशीला टेकूनच होती.

हजेरीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या शाळेत पोरं मधेच यायची बंद व्हायची. कोणाला मागावर कांड्या भरायला बसवलेलं असायचं, कोणाचे आईबाप उसाच्या तोडीला निघालेले असायचे. किती दिवस गैरहजर राहिलं की पटावरून नाव कमी करायचं याचा शाळेचा नियम होता. बाकीचे शिक्षक दिवस मोजायचे आणि रेघ ओढायचे. अण्णांचा नियम निराळा होता. त्या मुलाच्या घरी जाऊन आल्याशिवाय ते नाव कमी करत नसत. सायकलच्या कॅरिअरवर कमलला बसवायचे, मी चालत, आणि आम्ही जायचो. लोक चहा करायचे. कधीकधी मूल परत यायचं. नाही आलं, तर दुसऱ्या दिवशी अण्णा पट्टी धरून त्या नावावर तांबड्या शाईनं रेघ ओढायचे, शेरा लिहायचे, 'नाव कमी', पुढं कारण, आणि खाली आपली आद्याक्षरं. महिनाअखेरीला पट घरी आणायचे. हजर-गैरहजर दिवसांच्या बेरजा कमल आणि मी करायचो. ती आडवी करायची, मी उभी, आणि दोन्ही एका ठिकाणी येऊन जुळल्या की अण्णा आम्हाला गुळाचा खडा द्यायचे. आम्हा दोघींचं अक्षर त्यांच्यासारखं होतं. त्यांनीच हात धरून शिकवलं होतं, दुसरं कुठून येणार.

तेराव्याला करकंबहून आत्या आली होती. ती मागे राहिली. चार दिवसांनी तिनं आईला समोर बसवून सांगितलं, "वहिनी, पोरीचं काय आसंल ते काढून टाका. ही दप्तरं, ह्ये परकर डोळ्याम्होरं लई दिस ठिवू नाईत. पोरीचा पाय हितं आडकून ऱ्हातो." दुसऱ्या दिवशी आईनं कपडे पद्माक्कांच्या हाती दिले, त्यांच्या भाचीसाठी. पद्माक्कांनी ते पदराखाली घेतले आणि भाचीला ते या गल्लीत घालू देणार नाही असं आपणहून सांगितलं. दप्तर आत्या करकंबला घेऊन गेली. कमलची थाळी आईनं घासून, पुसून, डब्याच्या फळीवर पालथी ठेवली. आठवड्याभरात घरातलं सगळं निघालं. दारावरचं 'टेक ऑफ' आत्यानं जाता जाता ओल्या फडक्यानं पुसलं. तिला वाटलं हिशेब आहे.

पटावरचं नाव मात्र तसंच राहिलं. अण्णा रोज सतराच्या पुढे एक श्वास थांबायचे आणि एकोणीस म्हणायचे. अठराच्या रकान्यात ते काही लिहीत नसत. हजरही नाही, गैरहजरही नाही. एकोणीस नंबरला उठायचे म्हणून मला ते पहिल्या बाकावरून दिसायचं. रिकाम्या चौकोनांची एक आडवी ओळ रोज एका चौकोनानं लांबत होती. एका मुलीनं विचारलं, सर, टेक ऑफचं राहिलं होतं. अण्णा म्हणाले, राहू दे. आणि दुसरी जोडी घेतली.

एका दुपारी मी तपासलेल्या वह्या आणायला शिक्षकांच्या खोलीकडे गेले. आत मुख्याध्यापक आणि अण्णा दोघंच होते. मुख्याध्यापक सज्जन होते. आमच्याकडे मातीलाही आले होते. ते हळू आवाजात सांगत होते की पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, तपासणीला येणारे साहेब पट बघतात, बेरजा जुळत नाहीत, एका नावापुढं रिकामे चौकोन आहेत, याचं आपण काय उत्तर देणार. तुमच्यानं होत नसेल तर माझ्याकडे द्या, मी रेघ मारतो, तुम्ही बघूसुद्धा नका.

अण्णा म्हणाले, "सर, घरी जाऊन आल्याशिवाय मी आजवर कोणाचं नाव कमी केलेलं नाही."

मुख्याध्यापकांना समजलं नाही. मलाही समजलं नाही.

"रोज घरी जातोय," अण्णा म्हणाले. "बघून येतोय. अजून खात्री झालेली नाही."

मी वह्या न घेताच परतले. मला भीती वाटली. माझे वडील वेडे होतील आणि शाळेतून त्यांना काढतील, असं त्या वयात मला वाटलं. माझ्या डोळ्यांपुढं ते साहेब उभे राहायचे, मी न पाहिलेले, आणि ते पट उचलून सगळ्यांसमोर विचारायचे, हे काय आहे. आज मला कळतं की तपासणीत फार तर एक शेरा आला असता. मुख्याध्यापकांनी सांभाळून घेतलं असतं. लोक तेवढे वाईट नव्हते. पण चौदाव्या वर्षी माणसाला हे कळत नाही. शिवाय, खरं लिहायचं तर, भीती एवढ्याचीच नव्हती. सतरा आणि एकोणीसच्या मधला तो श्वास मला सहन होत नव्हता. त्या श्वासात ती माझ्या शेजारी येऊन बसायची आणि रोज मला तिच्या आधी हजर म्हणावं लागायचं.

शनिवारी महिनाअखेर होती. अण्णांनी पट घरी आणला. बेरजा करायला मला एकटीला दिला. आडवी आणि उभी, दोन्ही माझ्याकडे. रविवारी दुपारी ते वाचनालयात गेले, आई पद्माक्कांकडे शेंगा फोडायला बसली होती. मी पट उघडला, पट्टी धरली, अण्णांचं तांबड्या शाईचं पेन घेतलं आणि कमलच्या नावावर रेघ ओढली. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'नाव कमी, मयत'. तारीख मंगळवारची घातली. खाली अण्णांची आद्याक्षरं केली. अक्षर हुबेहूब आलं. मग रिकाम्या चौकोनांतून एक बारीक आडवी रेघ नेली, दोन्ही बेरजा केल्या, आणि त्या जुळल्या. भिंतीपलीकडे माग चालू होते. मला बरं वाटलं. ते मी लपवणार नाही. गुळाचा खडा मिळायचा तेव्हा वाटायचं तसंच बरं वाटलं.

सोमवारी अण्णांनी वर्गात पट उघडला. त्यांचा हात गेल्या महिन्याच्या पानावर होता आणि बोट खाली सरकत होतं. ते थांबलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग नवं पान काढून पहिल्यापासून हजेरी सुरू केली. सोळा झाला, सतरा झाला. मग नेहमीचा श्वास आला नाही.

"अठरा," अण्णा म्हणाले.

मागच्या बाकावरची मुलं माझ्याकडे बघत आहेत हे मला पाठीला कळत होतं. अण्णांची मान खाली होती. गैरहजर मुलाचा नंबर तीनदा पुकारायचा त्यांचा प्रघात होता. त्यांनी अठरा तीनदा पुकारला. तीन वेळांच्या मधे त्यांनी पुरेसा वेळ दिला, एखादं मूल धावत जिना चढून येत असेल तर पोचावं एवढा. कमल तो जिना थांबत थांबत चढायची.

मग म्हणाले, "एकोणीस."

माझ्या तोंडातून आवाज आला नाही. त्यांनी तो नंबरही तीनदा पुकारला. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, एखाद्या घरी जाऊन आल्यावर पाहायचे तसं. मग पेन उचललं आणि माझ्या रकान्यात गैरहजर लिहिलं. वीस नंबर पुकारला.

तपासणी झाली. साहेबांनी पटाच्या टापटिपीबद्दल दोन शब्द चांगले लिहिले.

त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. कडक भाकरी, आमटी, शेंगाची चटणी. अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "रेघ सरळ आलीय."

आईनं विचारलं, कसली रेघ.

"शाळंतली," अण्णा म्हणाले आणि आमटी ओढून घेतली.

त्यावर पुढं एवढ्या वर्षांत आमच्यात एक शब्द झाला नाही. ते मला रागावले नाहीत. मला शिकवायचं थांबवलं नाही. माझी पदवी, माझी नोकरी, सगळं त्यांच्यामुळे झालं. पण पट त्यांनी पुन्हा कधी घरी आणला नाही. महिनाअखेरीला ते शाळेत मागं थांबून एकटे बेरजा करायचे आणि उशिरा यायचे. दारावर जोड्या लिहिणंही बंद झालं. घरातून कमलच्या वस्तू काढल्या गेल्या तेव्हा कोणीतरी निदान विचारलं होतं, सांगितलं होतं. ते नाव ही एकच गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या वेळेला काढायची म्हणून ठेवली होती. रोज घरी येऊन ते तेच काम करत होते. ते संपायच्या आत मी ते त्यांच्या हातून घेतलं.

मी पुढं ग्रंथालयात नोकरी केली. तिथं फाटलेली, हरवलेली पुस्तकं दरवर्षी नोंदवहीतून कमी करावी लागतात. बत्तीस वर्षांत ते काम मी माझ्या सहकाऱ्यांकडून करून घेतलं. त्यांना वाटायचं मला पुस्तकांची फार माया. मी तसं वाटू दिलं.

आई आधी गेली. अण्णा या उन्हाळ्यात गेले, नव्वदी ओलांडून. शेवटच्या महिन्यांत त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते बरेचदा करकंबचंच बोलायचे. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "समदी आली का?" मी त्यांच्या कानाशी जाऊन, आली म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला बोलायची ती एक वेळ होती. ती मी घालवली. चहा आणते म्हणून उठले.

शिधापत्रिकेवरून अण्णांचं नाव कमी करायचा अर्ज मी पावसाळ्यातच आणून ठेवला. मृत्यूचा दाखला जोडलेला आहे. ऑफिस घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. तिथली मुलगी दोनदा म्हणाली, मावशी, एवढंच राहिलंय, सही करून द्या. मी उद्या येते म्हटलं.

शिधापत्रिकेवर आज दोन नावं आहेत. घरात मी एकटी राहते.